नवा कम्प्युटर, दुकानाचं खातं: दारव्हा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

फोनवर तक्रार आली ती अशी: "भाऊ, नवीन कम्प्युटर हाये, पण निळा पडदा येते अन् नंबर मागते. कोनता नंबर, कोनालेच ठाव नाही." मशीन घरात येऊन महिनाही झाला नव्हता. घरच्यांच्या मते विंडोज खराब निघालं होतं. दुकानदाराच्या मते घरच्यांनीच काहीतरी उचापत केली होती. मुलीच्या चुलतभावाचं निदान होतं, 'डिस्क गेली'. जाऊन पाहिलं तर डिस्क धडधाकट आणि विंडोज शाबूत. ज्या गोष्टीपासून सगळं सुरू झालं ती कम्प्युटरच्या आत नव्हतीच. ती होती भिंतीतल्या सॉकेटात आणि जिन्याखालच्या इन्व्हर्टरमध्ये.

असले बिघाड सुटे सुटे मी नेहमीच बघतो. कुठे अर्थिंग नसतं, कुठे डेटा संपतो, कुठे पासवर्ड हरवतो. या एका घरात ते एकापाठोपाठ आले आणि प्रत्येकाने पुढच्याला वाट करून दिली, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

घर आणि गरज

गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातलं, मोठ्या रस्त्यापासून आत. काळी जमीन, कापूस आणि तूर, विहिरीला पाणी असेल त्या वर्षी हरभरा. घरात काकाजी, काकू आणि बी.ए. झालेली मुलगी. मुलगी लिपिक-टंकलेखक पदाच्या तयारीला लागलेली. त्यासाठी मराठी टंकलेखनाचं मिनिटाला किमान ३० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं आणि ती परीक्षा आता कम्प्युटरवर होते. क्लास तालुक्याला. तिथे ठरलेला तास मशीन मिळायचं, आणि एसटी चुकली की तोही तास गेला. सराव करायचा तर मशीन घरीच हवं, हा हिशेब बरोबर होता.

डेस्कटॉप घेतला तोही विचार करूनच. परीक्षेला बसायचं मोठ्या कीबोर्डवर, मग हाताला सवयही त्याचीच हवी. सेकंडहँड घ्या, निम्म्यात मिळते, असं सांगणारे भेटले होते. पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या डब्यांमध्ये ती बरेचदा नसते. त्यामुळे पहिल्या वेच्याच्या कापसाचे पैसे आले तसं शहरातल्या दुकानातून नवंकोरं मशीन आणलं. इथवर घरच्यांचा एकही निर्णय चुकलेला नाही. पुढे ज्याने त्याने त्यांनाच अडाणी ठरवलं, म्हणून हे आधी सांगितलं.

दुकानात काय झालं

विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. या अटीला बगल द्यायच्या युक्त्या आधी होत्या, त्या एकेक करून बंद होत चालल्या आहेत. दुकानात ब्रॉडबँड असतं. गिऱ्हाइकाकडे खातं नसतं, असलं तर पासवर्ड आठवत नाही. मुलीचा ईमेल होता, पण तो फोन घेताना कोणीतरी काढून दिलेला. पासवर्ड काय हे तिने कधी विचारलं नव्हतं, कारण फोनने तो पुन्हा कधी मागितलाच नव्हता. बाहेर काकाजी शेवटच्या गाडीसाठी घाई करत होते. दुकानातल्या पोराने मग दुकानाचंच खातं टाकलं, चार आकड्यांचा एक सोपा पिन ठेवला, चालू झालेलं दाखवलं आणि खोकं बांधून दिलं. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने गिऱ्हाइकाची अडचण सोडवली. काकाजींनी त्याला चहाला पैसे दिले.

तेवढ्या वेळात कोणाच्या लक्षात न येता तीन गोष्टी झाल्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. म्हणजे डिस्कवरचा सगळा मजकूर कुलपात जातो आणि अडचणीच्या वेळी ते उघडणारा ४८ आकड्यांचा रिकव्हरी नंबर त्या खात्यात जमा होतो. हे खातं दुकानाचं. दुसरं, वनड्राइव्हने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर स्वतःकडे घेतले, तेही दुकानाच्या खात्यात. तिसरं, मशीनसोबत आलेलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड वगैरे) त्याच खात्यावर सुरू केलं गेलं. मशीन गावात पोचलं तेव्हा त्याची किल्ली शहरातच राहिली होती.

झिणझिण्या

पहिल्या दिवशी काकूंनी पुसायला म्हणून कॅबिनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "माय वं, मुंग्या येतात याले." चुलतभावाने टेस्टर लावला, तो मिणमिणला. सगळ्यांनी ठरवलं की नव्या मशीनमध्ये असं असेल, आणि खाली प्लास्टिकची चप्पल घालून बसायचा नियम झाला.

यात मशीनचा दोष नव्हता. कम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून लोखंडी डब्याला जोडलेले. डबा अर्थला जोडलेला असेल तर तिथला किरकोळ प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थच नसेल तर डब्यावर लाइनच्या साधारण निम्मा दाब उभा राहतो, २३० ला ११५ च्या आसपास. प्रवाह फार थोडा, म्हणून मुंग्या येण्यावर भागतं. पण उद्या आत एखादी वायर सोलून डब्याला टेकली तर तोच डबा जीव घेऊ शकतो. झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नसल्याची घरबसल्या मिळालेली खबर. चप्पल घातल्याने ती खबर तेवढी दडपली गेली.

सॉकेटला तीन भोकं होती, वरचं मोठं भोक नुसतं शोभेला. ते पाहायची साधी रीत आहे, पण ती वायरमननेच करावी. जुना गोळा बल्ब होल्डरमध्ये लावून दोन वायरी काढायच्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला की बल्ब लख्ख पेटतो. एक वायर फेजवर तशीच ठेवून दुसरी अर्थच्या भोकात घातली तरी तितकाच लख्ख पेटायला हवा. इथे तो काळाठिक्कर. बोर्ड उघडला तर अर्थच्या स्क्रूला वायरच नाही. घर बांधताना हिरवी वायर मागितली होती, पैसेही दिले होते, असं काकाजी सांगतात.

नवा खड्डा कुठे खणायचा यावर बराच खल झाला. वायरमनचं म्हणणं होतं पुढच्या अंगणात, सोयीचं पडतं. मी मागच्या बाजूला, न्हाणीचं पाणी जातं तिथे आग्रह धरला. आपली काळी माती पावसाळ्यात चिकटून बसते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. हात जाईल एवढी भेग पडली की पाइप आणि मातीची गाठ सुटते, अर्थिंग कागदावरच राहतं. न्हाणीजवळची माती बारा महिने ओली. पुरुषभर खड्डा, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर झाकण. खर्च मॉनिटरच्या मानाने किरकोळ. बल्ब पुन्हा लावला, पेटला. काकूंनी डबा पुसला, काही झालं नाही.

आपोआप बंद, आपोआप चालू

पण हे सगळं नंतरचं. आधी घरात जे चालू होतं ते असं: मुलगी टायपिंग करत असायची, आणि अचानक कम्प्युटर स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. बहुतेक वेळा संध्याकाळी. पंखा आणि टीव्ही त्या वेळी सुरळीत चालत असायचे, त्यामुळे विजेवर कोणाचा संशय गेला नाही. शेजारच्या घरी लॅपटॉप होता, त्याला कधी काही झालं नाही. काकाजींचा सवाल रास्त होता: "त्याचं चालते, आपलंच काऊन बंद पडते?"

लॅपटॉपच्या ॲडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि त्याच्या पोटात बॅटरी असते. या डेस्कटॉपच्या पाठीवरच्या पट्टीवर होतं २०० ते २४०. मीटर लावला तेव्हा संध्याकाळी सॉकेटात १६५ च्या आसपास भरले. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की गावातला दाब उतरतो, हे इथे नवीन नाही. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र याच विदर्भात आहे. असो.

त्यातून दिवसाकाठी लाइन झपकायची ती वेगळी. अशा वेळी घर इन्व्हर्टरवर जायचं, पण किती वेळात? इन्व्हर्टरच्या मागच्या अंगाला, जाळं धरलेल्या कोपऱ्यात एक छोटं बटण सापडलं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको. यूपीएसवर असेल तर बॅटरीवर यायला साधारण १० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. इकोवर त्याच्या काही पट. कम्प्युटरचा पॉवर सप्लाय १५-२० मिलिसेकंद तग धरतो, पुढे हात टेकतो. पंख्याला आणि दिव्याला तेवढी उघडीप जाणवतसुद्धा नाही. बटण होतं इकोवर.

मग बटण सरकवा आणि मोकळे व्हा, असं मलाही वाटलं असतं. काकाजींनी थांबवलं. बटण इकोवर त्यांनीच ठेवलं होतं, आणि कारण पक्कं होतं. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली लाइन घेतच नाही, थेट बॅटरीवर जातो. संध्याकाळी १६५ असताना तो रोज दोन-तीन तास बॅटरी खात बसायचा, आणि रात्री खरोखर लाइन गेली की घर अंधारात. इकोमध्ये तो १०० पर्यंतची लाइन पास करतो. अनुभवातून काढलेला तोडगा होता तो, आणि पंखा-दिव्यांपुरता अगदी बरोबर.

म्हणून इन्व्हर्टरला हात न लावता कम्प्युटरपुरता ६०० व्हीएचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइन गेली की लगेच बॅटरीवर घेणारा डबा, घेतला. त्याचा पल्ला १४० ते ३०० व्होल्टचा, कमी दाब तो आतल्या आत उचलून देतो. एक खाचखळगा इथेही आहे. जुने इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लाटेची ओबडधोबड वीज, देतात आणि बरेच यूपीएस ती लाइन म्हणून ओळखत नाहीत, बॅटरीवरच चालत राहतात आणि दहा मिनिटांत मान टाकतात. त्यामुळे यूपीएस इन्व्हर्टरच्या फेऱ्यातल्या सॉकेटवर न लावता सरळ मेनच्या लाइनवर लावला. लाइन गेली की दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम जतन करून बंद करायचं. भारनियमनात बसून सराव करता येणार नाही, हे मुलीला स्पष्ट सांगितलं. तिने मान्य केलं.

डेटा कुठे जातो

घरात इंटरनेट म्हणजे मुलीचा फोन. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलंय, घरापर्यंत नाही. रोजचा दीड जीबीचा पॅक, हॉटस्पॉट लावायचा आणि कम्प्युटर जोडायचा. नवं मशीन जोडल्याबरोबर आपली भूक भागवायला बसतं: विंडोजचे अपडेट, ड्रायव्हर, स्टोअरमधल्या ॲपच्या नव्या आवृत्त्या, कोणी न मागितलेला अँटिव्हायरस. सकाळी नऊला दिवसाचा पॅक संपलेला असायचा. पॅक संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. या वेगाने एक जीबी उतरायला जवळपास ३५ तास लागतात, तेही मध्ये काही तुटलं नाही तर. मुलगी ज्या सराव परीक्षा ऑनलाइन द्यायची त्या फोनवरही उघडेनात. घरात पहिलं भांडण झालं ते यावरून: "कम्प्युटर आनला तवापासून फोनबी गेला."

आणि वीज इथे पुन्हा आडवी आली. अपडेट बसवत असताना लाइन झपकली की पुढच्या वेळी पडद्यावर बदल मागे घेत असल्याचा निरोप यायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच अपडेट पुन्हा. टक्के चढायचे, उतरायचे. हे पाहूनच घरात विंडोज खराब असल्याची खात्री झाली.

विंडोजला फोनचा हॉटस्पॉट आणि ऑफिसातलं ब्रॉडबँड यातला फरक सांगावा लागतो. वायफायच्या नावाच्या गुणधर्मांत जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा मोजून मिळतो अशी जोडणी) चालू केलं की बहुतेक मोठे डाउनलोड थांबतात. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, म्हणजे अपडेट इतर मशीनशी वाटून घेणारी सोय, बंद केलं. मग ठरलं असं की रात्री अकरानंतर, दिवसाच्या पॅकमधलं जे उरलं असेल ते वाया जाण्याआधी, फोन वायरने जोडायचा, मीटर्ड काढायचं आणि अपडेट सोडायचे. लाइनही त्या वेळी जरा नीट असते. मुलगी हे आता स्वतः करते.

पेनड्राइव्ह

परत मूळ घटनेकडे. विंडोज खराब आहे हे एकदा ठरल्यावर चुलतभावाने मित्राकडून पेनड्राइव्ह आणला, 'नवीन विंडोज टाकतो' म्हणून. पेनड्राइव्हवरून मशीन उठेना, तेव्हा मित्राने फोनवरून सांगितलं त्याप्रमाणे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून सिक्युअर बूट (अनोळखी काही सुरू होऊ न देणारा पहारा) बंद केलं. पेनड्राइव्हमधली फाइल अर्धवटच उतरलेली होती, त्यामुळे नवं विंडोज काही बसलं नाही. कंटाळून पेनड्राइव्ह काढला, मशीन सुरू केलं, आणि आला निळा पडदा: बिटलॉकर रिकव्हरी, ४८ आकड्यांचा नंबर टाका. बिटलॉकर म्हणजे दुकानात आपोआप लागलेलं तेच डिस्कचं कुलूप.

घरात धाबं दणाणायला कारण होतं. फोन भरला म्हणून मुलीने फोटो, मार्कशीटचे आणि आधारचे स्कॅन सगळं कम्प्युटरवर टाकून फोनमधून काढून टाकलं होतं. दुकानात फोन केला. पोरगा म्हणाला, "नंबर हाये, पन इथं लय दिसतात, तुमचा कोनता?" त्यांच्या खात्यात कितीतरी गिऱ्हाइकांच्या मशीनचे नंबर एका यादीत. निळ्या पडद्यावर की आयडी म्हणून काही अक्षरं असतात, ती यादीतल्या आयडीशी जुळवली की आपला नंबर सापडतो. ते ना पोराला माहीत, ना घरच्यांना. मालक म्हणाले मशीन घेऊन या, फॉरमॅट मारून देतो. फॉरमॅट म्हणजे मार्कशीटही गेल्या.

इथे मशीन कसं विचार करतं ते कळलं की वाट निघते. कुलपाची रोजची किल्ली टीपीएमकडे असते. मशीन ज्या रीतीने सुरू होतं त्याची नोंद तो ठेवतो. रीत जुळली तर किल्ली गुपचूप देतो, कोणाला काही कळत नाही. सिक्युअर बूट बंद झाल्यावर रीत बदलली, म्हणून त्याने हात आखडला. तर मग बदललेलं पूर्ववत केलं की झालं. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं, बाकी कशाला हात लावला नाही, जतन करून बाहेर आलो. विंडोज नेहमीसारखं उघडलं आणि दुकानातला तोच पिन घेऊन आत शिरलं. चुलतभाऊ बराच वेळ पडद्याकडे बघत होता. बायोसमध्ये टीपीएम रिकामा करायचा एक पर्यायही असतो. तो दाबला असता तर ४८ आकड्यांशिवाय गत्यंतर नव्हतं. असा पडदा आला की जे शेवटचं बदललं ते आधी परत फिरवा, फॉरमॅटचं नाव मागाहून.

कोणाचं लग्न?

मशीन उघडल्यावर मुलीने सहज विचारलं, "सर, हे फोटो कंपनी देते का?" पिक्चर्स फोल्डरमध्ये तिच्या फोटोंच्या शेजारी एका लग्नाचा अख्खा अल्बम होता. नवरी, नवरदेव, हळद, पंगत. तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की टीव्हीच्या दुकानात जसे नमुन्याचे व्हिडिओ असतात तसे हे असतील. ते फोटो दुसऱ्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाचे होते. एकच खातं अनेक मशीनवर, आणि वनड्राइव्ह इमानदारीने सगळ्यांचे फोल्डर एक करून सगळ्यांना दाखवत होतं. म्हणजे हिच्या आधारचा स्कॅनही कुठल्या तरी अनोळखी घरातल्या पडद्यावर दिसत असणार.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वात गंभीर वाटलं ते हे. निळा पडदा निदान ओरडून सांगतो. हे मुकाट्याने चालू होतं.

सोडवताना घाई करून चालत नाही, कारण अशा जोडलेल्या फोल्डरमधून फाइल खोडली की ती सगळीकडून खोडली जाते. आधी मुलीच्या सगळ्या फाइली कोऱ्या पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि एकेक उघडून पाहिली. ढगाचं चिन्ह असलेली फाइल मशीनवर नसते, नुसती खूण असते, तिची नक्कल करण्याआधी ती खाली उतरवून घ्यावी लागते. त्यानंतर वनड्राइव्हच्या संकेतस्थळावरून तिच्या तेवढ्या फाइली काढल्या, तिथल्या कचरापेटीतूनही काढल्या, आणि मग मशीनचं वनड्राइव्ह सोडवलं. लग्नाच्या फोटोंना हात लावला नाही. मालकांना फोन करून सांगितलं की तुमच्या खात्यात लोकांची कागदपत्रं एकमेकांना दिसत आहेत. ते म्हणाले, "बघतो."

मुलीच्या नावाने नवं खातं काढलं, तिच्या फोनवर, कम्प्युटरला हात लावण्याआधी. पासवर्ड तिने स्वतः ठरवला. खात्याला दोन मोबाइल नंबर जोडले, एक तिचा, एक काकाजींचा. काकाजींचा का, यावर काकू म्हणाल्या ते पटलं: पोरीचा नंबर उद्या बदलेल, घरचा बदलणार नाही. मग मशीनवर तिला प्रशासक केलं, डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केलं, डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबलो, आणि तिच्या खात्यातून पुन्हा चालू केलं. त्याने नवा नंबर तयार झाला आणि तो तिच्या खात्यात गेला. दुकानाकडचा जुना नंबर आता निकामी. शेवटी दुकानाचं खातं मशीनवरून काढलं.

नवा नंबर मुलीने वहीच्या पानावर उतरवला, सहा-सहाचे आठ गट, आणि काकाजींनी ते पान राशन कार्ड आणि पासबुक असतं त्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. फोटो काढून फोनमध्ये ठेवू का, असं तिने विचारलं. ठेव, पण पान आधी.

बाकीच्या कटकटी

खोक्यावर ५१२ जीबी लिहिलं होतं, पडद्यावर ४७६ दिसत होतं. काकाजींनी हे पहिल्याच दिवशी हेरून ठेवलं होतं आणि मला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं: "कापसासारखी कट्टी लावली का इथंबी?" कट्टी, म्हणजे मापातली कपात, नाही. कंपनी हजाराच्या हिशेबाने जीबी मोजते, विंडोज १०२४ च्या हिशेबाने. ५१२ अब्ज बाइट दोन्हीकडे तेवढेच. काकाजींनी ऐकून घेतलं. पटलं असं वाटलं नाही.

मराठी टायपिंगचा घोळ मात्र खरा होता, कारण मशीन त्यासाठीच आणलेलं. विंडोजमध्ये मराठीचे इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे कीबोर्ड मिळतात, दोन्ही युनिकोडचे, म्हणजे मजकूर कुठल्याही मशीनवर तसाच दिसतो. मुलगी क्लासमध्ये शिकली रेमिंग्टन मांडणीवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरची बोटं. ती विंडोजसोबत येत नाही. तिने कृतिदेव फॉन्ट टाकून काम चालवलं होतं. बोटं बरोबर पडतात, पण तो मजकूर ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे नेला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, अर्जाच्या रकान्यात तर काहीच कामाचा नाही. वेग वाढवायला कृतिदेव राहू दिला. अर्ज आणि पत्रांसाठी युनिकोड फोनेटिक लावून दिलं. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम प्रोग्राममध्ये रेमिंग्टन मांडणीत युनिकोड लिहिता येतं, क्लासमध्ये कोणती आवृत्ती आहे ते विचारून तेच घरी लावायचं ठरलं.

कॅबिनेट बैठकीत जमिनीवर होतं, आणि त्याच खोलीत भाव वाढेल म्हणून कापूस भरून ठेवलेला. पुढच्या जाळीवर रुईची पांढरी साय धरली होती, पंखा घरघरत होता. टेबलावर, दुसऱ्या खोलीत हलवलं. बहुतेक मशीनच्या कागदांवर खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी मशीन लावायचं नाही, एवढंच सांगता आलं.

अँटिव्हायरस काढून टाकला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे.

जे सुटलं नाही

ऑफिस. मशीनसोबत येणारं ऑफिस ज्या खात्यावर पहिल्यांदा सुरू केलं जातं त्याच खात्याशी कायमचं बांधलं जातं. ते दुकानाच्या खात्यावर सुरू झालं होतं, आणि दुकानाचं खातं मशीनवरून काढल्याबरोबर वर्ड लॉगिन मागू लागलं. मालकांना विचारलं तर म्हणाले, "चालत होतं ना? मग खातं काढलं कशाला?" त्यांना दुसरं ऑफिस घेऊन देणं भाग आहे असं माझं मत, कारण विकलेल्या वस्तूचा एक भाग त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतला. जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही.

बिल जीएसटीचं पक्कं आहे, ही जमेची बाजू. त्यावर कॅबिनेटच्या नावापुढे 'विन ११ + एमएसओ' असं छापलंय, म्हणजे ऑफिस किमतीत धरलेलं होतं हे दुकानदाराच्याच कागदावर आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मुलीला दिला. तिथे भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे यवतमाळला, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. काकाजींना कोर्टकचेरीचं नाव नको आहे. मुलीने तक्रारीचा मसुदा लिबरऑफिस या फुकट प्रोग्राममध्ये टाइप करून ठेवलाय, युनिकोडमध्ये. मालकांनी पाडव्यापर्यंत मुदत मागितली आहे.